‘आणि याचं काय?’

आजचं वाचन: योहान २१:१५-२२

मित्रांनो, आज आधी माझी चूक सांगतो, मग वचनाकडे वळू.

आमच्या मंडळीतल्या एका आजींना दर गुरुवारी डायलिसिसला सोडायचं काम माझ्याकडे आहे. सोमवारी त्यांचा भाचा नेतो, गुरुवारी मी. सकाळी साडेसात, सोसायटीचं फाटक. मागच्या गुरुवारी मी वेळेत उठलो, आवरलंही. पण तरुण संघाच्या ग्रुपवर रात्रीपासून एकच विषय चालू होता. गायनवृंदातल्या एका मुलानं येणं बंद केलंय, दुसऱ्याच चर्चला जातो म्हणे. मीही लिहीत बसलो. निष्ठा, समर्पण, बरंच काही लिहिलं. घड्याळ पाहिलं तेव्हा सव्वाआठ झाले होते. आजी हातात फाईल घेऊन पाऊण तास उभ्या राहिल्या आणि एकट्याच रिक्षानं गेल्या. उशीर झाल्यामुळे त्या दिवशी मशीनवर त्यांना वेळही कमी मिळाला. मी फोन केला तर म्हणाल्या, “असू दे बाळा, तुला काम असेल.”

काम! दुसरा कुठे जातो याचा हिशोब मांडायचं काम.

आता पेत्राकडे बघा. तिबिर्य समुद्राचा काठ, कोळशाचा विस्तव, न्याहारी झालेली. ज्यानं तीनदा नाकारलं त्याला प्रभू तीनदा विचारतो आणि तीनदा मेंढरं सोपवतो. पुढे कसलं मरण येणार तेही सांगतो. इतकं सगळं ऐकून पेत्र काय करतो? मागे वळतो. मागून येणारा योहान दिसतो आणि तो विचारतो की याचं काय होणार. प्रभूचं उत्तर थोडं कडकच आहे: त्याच्याबद्दल मी काय ठरवीन त्याच्याशी तुला काय करायचंय, तू माझ्यामागं ये.

हा प्रश्न पेत्राला नेमका केव्हा सुचला, ते लक्षात घ्या. स्वतःचं काम हातात पडल्याबरोबर. योहानाची काळजी म्हणून त्यानं विचारलं असेलही, पण मला नाही वाटत. जड काम मिळालं की आपली नजर आधी शेजाऱ्याच्या वाट्याकडे जाते. हाच पेत्र पुढे पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्याला खुनी आणि चोर यांच्याच ओळीत बसवतो. पूर्वी मला ते अतीच वाटायचं.

त्याच शनिवारी मी वडगाव रासाईला घरी गेलो. उसाला पाणी द्यायचं होतं. लाईट रात्री अकराला आली. पप्पा मोटरीपाशी, मी दारं धरायला. एक सरी भरली की दार मोडून पाणी पुढच्या सरीला लावायचं, बस एवढंच. पलीकडच्या रानात कुणाची तरी बॅटरी हलत होती, पाणी भलतीकडेच चाललेलं दिसलं. मी ओरडून पप्पांना सांगायला लागलो. ते म्हणाले, “त्याला फोन केलाय मी. तू तुझं दारं धर.” खाली बघतो तर माझ्याच सरीचा वरंबा फुटलेला, पायाखाली चिखल. खोरं घेऊन अर्धा तास माती ओढत होतो.

“मग दुसऱ्याचं काहीच बघायचं नाही का?” असं कुणी विचारेल. तसं नाही. आमच्या गावाहून भीमा ओलांडली की दौंड तालुका, आणि त्याच तालुक्यात केडगाव, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. दुष्काळात आईवडील गमावलेल्या रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्याआधी १८९३ मध्ये पुण्यात शारदा सदनावर टीकेचं मोहोळ उठलं होतं, पालकांनी मुली काढून नेल्या होत्या. उरलेल्या मुलींना घेऊन त्यांनी सदन चालूच ठेवलं. पण १८९७ मध्ये प्लेगच्या वेळी आपल्याच सदनातल्या एका मुलीच्या बाबतीत वाईट घडलं, तेव्हा त्या गप्प बसल्या नाहीत. सरकारी प्लेग रुग्णालयाच्या कारभाराविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. ही ढवळाढवळ नव्हे, कारण ती मुलगी त्यांच्या हाती सोपवलेली होती. मेंढपाळानं आपल्या मेंढराबद्दल विचारलंच पाहिजे. आणि हे सगळं करत असतानाच त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, ते मुक्तीच्याच छापखान्यात बायकांच्या हातून छापलं गेलं. १९२२ मध्ये मरण येईपर्यंत त्यांचं हे काम चालू होतं.

गलतीकरांच्या सहाव्या अध्यायात पौल एकमेकांची ओझी वाहायला सांगतो आणि तीनच वचनांनंतर म्हणतो की ज्यानं त्यानं आपला भार वाहावा. मूळ ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत, ‘बारोस’ आणि ‘फोर्तिओन’. पहिलं माणसाला चिरडणारं ओझं, दुसरं ज्याच्या त्याच्या पाठीवरचं गाठोडं. त्या मुलाबद्दल आम्ही ग्रुपवर रात्रभर बोललो, पण ओझं त्यातलं काहीच उचललं नाही. एकानंही त्याला फोन केला नव्हता.

रविवारी मी केला. दहा मिनिटं बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही, ते त्याचं आहे.

प्रार्थना: प्रभू, मागे वळून पाहायची माझी सवय तुला माहीत आहे. आजींची क्षमा मागायला मला धैर्य दे, आणि येत्या गुरुवारी साडेसातला मला फाटकाशी उभं कर. आमेन.