सुटलेली गोळी पुन्हा घ्यावी का?

उंब्रजला तारळी नदी कृष्णेला मिळते. गावाजवळून पुणे-बंगळूर हमरस्ता जातो. या वाटेने आपल्या भागातली कितीतरी माणसे पोटासाठी मुंबईला गेली. कोणी गिरणीत लागले. कोणी माथाडी झाले, पाठीवर पोती वाहिली, घरी पैसे धाडले. काहींना मात्र तिकडे एक व्यसन लागले. ते गावी परतले तेव्हा व्यसनही बरोबर आले. त्या व्यसनाविषयी आणि त्यावरच्या एका गोळीविषयी आज आपण वाचू.

हे व्यसन अफूच्या जातीचे आहे. अफू आपल्याला नवी नाही. घरातल्या जुन्या माणसांना विचारा. पूर्वी रानात कामाला जाणारी आई तान्ह्या पोराला अफूची बारीक गोळी चाटवी. पोर गाढ झोपे. एखादे पोर त्या झोपेतून उठतच नसे. तेव्हा अफू परवान्याच्या दुकानात मिळे. नशेसाठी होणारी ही विक्री दहा वर्षांत बंद करायची, असे 1949 साली देशात ठरले. 1980 नंतर मुंबई-पुण्यात गर्दचे व्यसन पसरले. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर. ती अफूपासूनच करतात, पण अफूपेक्षा फार जहाल. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण केंद्र काढले, ते याच लाटेत. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी परिवर्तन केंद्र उभे केले. दुखण्यावरची ट्रामाडॉलची गोळीही अफूच्याच भावकीतली. तिचाही नशेसाठी वापर होऊ लागला, म्हणून 2018 साली सरकारने तिला अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले.

आता समजा, आपल्या गावचा एक गडी आहे. त्याचे नाव घेत नाही. असा गडी कोणत्याही आळीत सापडेल.

हा गडी वाशीच्या बाजारात माथाडी होता. पाच वर्षे गर्दच्या नादी लागला. बायकोचे डोरले विकले. पुढे शहरातल्या दवाखान्यात त्याला जिभेखाली ठेवायची गोळी मिळू लागली. तिचे नाव बुप्रेनॉर्फिन. दोन वर्षे त्याने ती घेतली. मग डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केली. गडी गावी आला. वीस गुंठ्यांत ऊस लावला. दीड वर्ष पुडीला हात लावला नाही.

पौषात पालीला, म्हणजे जवळच्या पालच्या खंडोबाला, यात्रेला गेला. गर्दीत मुंबईचा जुना सोबती भेटला. त्याने हळूच हातात पुडी ठेवली. आपल्या गड्याने ती परत केली. पण त्या दिवसापासून झोप गेली. स्वप्नात पुडी येई. दोनदा तो मुंबईच्या गाडीसाठी स्टँडवर जाऊन उभा राहिला आणि माघारी आला. शेवटी रात्री जेवताना बोलला, "मला भ्या वाटतंय. ती जिभेखालची गोळी परत सुरू करावी म्हणतो."

आबा संतापले. "दीड वर्स काढलंस, आन् आता परत गोळी? मग सुटलास कशाचा?"

सून भाकरी थापता थापता म्हणाली, "मामा, पुडीपरीस गोळी बरी न्हवं का?"

आबांचा प्रश्न अडाण्याचा नाही. पुष्कळ शिकलेली माणसेही तेच विचारतात. म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घेऊ.

अफू मेंदूत काय करते? मेंदूत बारीक बारीक कुलुपे आहेत असे धरा. गर्द ही त्या कुलपाची किल्ली. ती कुलपात जाऊन झटकन पुरती फिरते. माणसाला तार लागते. चार-सहा तासांनी किल्ली निघते. मग अंग मोडते, नाक-डोळे वाहतात, पोटात कळ येते. गर्दुल्ले याला टर्की म्हणतात. बुप्रेनॉर्फिन त्याच कुलपात बसते, पण अर्धीच फिरते. म्हणून नेमाने घेणाऱ्याला तार लागत नाही आणि टर्कीही होत नाही. ती कुलपात घट्ट बसून राहते, त्यामुळे दुसऱ्या किल्लीला सहजी जागा मिळत नाही. माणूस शुद्धीत राहतो, कामाला जातो. मेथाडोन नावाचे पातळ औषधही अशाच कामाचे. अमेरिकेत 1960 नंतर डॉ. डोल आणि डॉ. निस्वांडर यांनी ते या रोगावर वापरून दाखवले. 2005 साली जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

गोळीला काहीच खोट नाही असे आम्ही म्हणत नाही. शरीराला तिची सवय होते. एकदम सोडली तर त्रास होतो. पोट साफ होत नाही. दवाखान्याच्या खेपा पडतात, रोज बुडतो. पण सवय होणे वेगळे आणि व्यसनाने घर धुऊन नेणे वेगळे. या गोळीसाठी कोणी बायकोचे डोरले विकत नाही.

आता आबांना ठाऊक नसलेली गोष्ट. हीच सगळ्यांत मोठी.

पाच वर्षे गर्द ओढणाऱ्याचे शरीर मोठा डोस पचवू लागते. सोडल्यावर ती ताकद काही आठवड्यांतच जाते. तलफ मात्र मनात राहते. दीड वर्षाने माणूस पुन्हा पुडीकडे वळला, तर त्याचा हात जुन्या मापाने चालतो. शरीराला आता ते माप सोसत नाही. श्वास मंद होत होत थांबतो. सोडून परत वळलेली माणसे अशी दगावतात. अनेक देशांत याचा हिशेब झाला आहे. औषध चालू असताना मरणाचा धोका साधारण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. औषध सुटल्यानंतरचा पहिला महिना फार वाईट.

म्हणजे घरातला प्रश्न चुकीचा मांडला जात होता. "गोळी घेणारा हरला का?" असे विचारून काही हाती लागत नाही. "पुडीकडे पाय वळण्याचा धोका आज किती आहे?" असे विचारावे.

एक वाईट दिवस आला म्हणून लगेच गोळी सुरू करावी असेही नाही. झोप लागते, कामात जीव रमतो, तलफ येते आणि घटकाभरात जाते, अशा माणसाला बोलायला माणूस आणि केंद्रातली बैठक पुरे होईल. पण झोप उडाली, पाय स्टँडकडे ओढू लागले, जुने सोबती भेटू लागले, माणूस घरच्यांशी खोटे बोलू लागला, तर डॉक्टरकडे जायला उशीर करू नये. कृष्णेच्या काठचे लोक पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत बसून राहत नाहीत. 2019 च्या पुराने ते सगळ्यांना शिकवले. आमचे मत विचाराल तर, आपल्या गड्याने पुडी घेण्याआधी तोंड उघडले हेच मोठे काम केले.

मात्र जुनी उरलेली गोळी आपल्या मनाने घेऊ नये. दीड वर्षाने शरीर कोरे झालेले असते. डॉक्टर अगदी थोड्या मापाने सुरुवात करतात. आणि कोणी नुकतीच गर्द घेतली असेल, तर लगेच गोळी ठेवल्यास भयंकर टर्की उठते. म्हणून काही तास थांबून, त्रास सुरू झाल्यावरच गोळी देतात. किती तास, ते डॉक्टर ठरवतात. कधी काय घेतले, ते त्यांना खरे सांगावे. गोळीबरोबर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत. त्या जोडीने श्वास बंद पडू शकतो. माप बसेपर्यंत ट्रॅक्टर चालवू नये. घरच्यांनी चोरून चहातून औषध देऊ नये. घेणाऱ्याला कळले पाहिजे आणि त्याचा होकार पाहिजे.

नाल्ट्रेक्सोन नावाची आणखी एक गोळी आहे. ती कुलूपच बुजवते, नशा चढू देत नाही. शरीरात अफूचा अंश नसला तरच ती चालते. आपल्या गड्याला तीही चालली असती. दोन्हींतले कोणते, हे डॉक्टरबरोबर बसून ठरवायचे.

कोणी नशेत बेशुद्ध पडला, हाक मारून उठत नाही, ओठ निळे झाले, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर 108 ला फोन करून गाडी बोलवा. त्याला कुशीवर वळवा. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या. दवाखान्यात नॅलोक्सोनचे इंजेक्शन असते. ते वेळेत मिळाले तर माणूस वाचतो. पोलिसांच्या भीतीने त्याला कोपऱ्यात निजवून ठेवू नका.

बुप्रेनॉर्फिन कोणत्याही मेडिकलच्या दुकानात मिळत नाही. मान्यता असलेल्या ठिकाणीच मिळते. 14446 हा सरकारचा व्यसनमुक्तीचा फोन आहे. त्याला पैसे पडत नाहीत. जवळचे ठिकाण तिथे विचारावे.

आपल्या गड्याने तिथेच विचारले. जुने कागद पिशवीत घातले. आबा म्हणाले, "म्या बी येतो." डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. आबांनी विचारले, "किती दिस घ्यायची ही?"

"आत्ता तारीख धरू नका, आबा," डॉक्टर म्हणाले. "झोप येऊ द्या, ऊस जाऊ द्या, घर बसू द्या. कमी करायची वेळ आली की आपण मिळून कमी करू. मागं एकदा केलीच होती की."

पहिले काही दिवस रोज यायचे ठरले. परतीच्या एस.टी.त आबा बराच वेळ गप्प होते. अतीत मागे पडल्यावर बोलले, "ती जिभेखाली किती येळ धरायची असती रं?"

"विरघळंपतुर, आबा. धा-एक मिन्टं. गिळायची न्हाई."

"मग तवर बोलायचं न्हाई?"

"न्हाई."

"बरं," आबा म्हणाले, "सकाळी तेवढा येळ मीच बोलंन."