कापलेला कर परत मिळेल का?



सरकारने कर घेतला की तो पैसा गेला, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती बरोबर नाही. जेवढा कर देणे आहे, तेवढाच सरकारचा. त्याहून जास्त कापला गेला असेल, तर वरचा पैसा आपला. तो परत मिळतो. पण मागावा लागतो. मागितल्यावाचून आईसुद्धा वाढत नाही, मग सरकार कुठून देणार? मागण्यापूर्वी आपले येणे आहे की नाही, हे कसे पाहावे, ते या धड्यात शिकू. या धड्यातील आकडे २०२५-२६ या वर्षाचे आहेत.

कर आधीच का कापतात?

उत्पन्नावर जो कर असतो त्याला आयकर म्हणतात. वर्ष संपेपर्यंत सरकार थांबत नाही. पैसे देणाऱ्यालाच सरकार सांगते, "थोडा भाग कापून आमच्याकडे भरा." म्हणून बँक व्याजातून कापते. कारखाना पगारातून कापतो, ठेकेदाराच्या बिलातून कापतो. या कपातीला टीडीएस म्हणतात. पासबुकात ही तीन इंग्रजी अक्षरे दिसली, तर समजावे की कर कापला आहे.

बँकेला आपल्या घरची स्थिती ठाऊक नसते. माणूस श्रीमंत आहे की गरीब, हे ती बघत नाही. मुदत ठेवीचे व्याज वर्षात ५०,००० रुपयांच्या वर गेले, की ती सगळ्या व्याजावर शेकडा १० प्रमाणे कापते. साठी पूर्ण झालेल्यांसाठी ही मर्यादा १,००,००० रुपये आहे. बँकेला पॅन क्रमांक दिला नसेल, तर कपात शेकडा २० होते.

एक उदाहरण

समजा, मोहोळ तालुक्यात एका गावी एक काकू आहेत. वय ५८. मालक वारले. रस्त्यासाठी जमीन गेली, तिचे ९ लाख रुपये आले. काकूंनी ते बँकेत मुदत ठेवीत ठेवले. शेकडा ७ दराने वर्षाचे व्याज ६३,००० रुपये झाले. बँकेने ६,३०० रुपये कापले. काकू गुरुजींकडे आल्या.

"गुरुजी, माझं पैसं कमी कसं भरलं? बँकेनं खाल्लं का काय?"

"नाही काकू. बँकेने कर कापून तुमच्या नावावर सरकारात भरला आहे. तुमची दुसरी कमाई किती?"

"रोजानं जाते की. वर्षाकाठी चाळीस हजार धरा."

"म्हणजे सगळे मिळून १,०३,००० रुपये. नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही. तुमचा कर शून्य."

"शून्य? मग कापलं कशापायी?"

"बँकेला तुमचे व्याज दिसते, गरिबी दिसत नाही. ते ६,३०० रुपये तुमचेच आहेत. आपण मागू."

सहा हजार तीनशे म्हणजे काकूंच्या कितीतरी दिवसांची मजुरी. ती नुसत्या अज्ञानाने सोडून देणे बरे नव्हे.

वजाबाकी करा

हिशेब अगदी सोपा आहे. कापलेला कर वर लिहा. खरा देणे कर खाली लिहा. वजा करा.

काकूंचा हिशेब: कापलेला ६,३००, देणे ०. बाकी ६,३०० रुपये येणे.

आता दुसरा हिशेब पाहा. एका कारखान्यातील अधिकाऱ्याचे करपात्र उत्पन्न १५ लाख रुपये आहे. त्याचा कर उपकरासह १,०९,२०० रुपये होतो. कापले गेले १,००,०००. त्याला परतावा नाही. उलट त्यानेच ९,२०० रुपये भरायचे. म्हणजे कर कापला गेला म्हणून प्रत्येकाला परत मिळतोच, असे नाही.

आणखी एक गोष्ट. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर नव्या पद्धतीत सूट मिळून कर शून्य होतो. मात्र लॉटरी, शेअर किंवा प्लॉटविक्रीचा नफा यांचा हिशेब वेगळा असतो. तो जाणकाराकडूनच करून घ्यावा.

शेतीचे काय?

ऊस, कांदा, ज्वारी, डाळिंब विकून आलेल्या शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. पण तोच पैसा बँकेत ठेवला, तर त्याचे व्याज शेतीचे उत्पन्न नव्हे. ते हिशेबात धरावे लागते. पुष्कळ जण येथेच फसतात.

कपात कुठे पाहावी?

ठेवीचे व्याज दरवर्षी हाती येत नसेल, ठेवीतच जमा होत असेल, तरी त्यावर कर कापला जातो. पासबुकात तो दिसेलच असे नाही. म्हणून बँकेत जाऊन टीडीएसचा दाखला मागावा. शिवाय आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या पॅन क्रमांकावर जमा झालेला कर दिसतो. त्या उताऱ्याला २६ एएस म्हणत आले आहेत. सातबाऱ्यावर जशी जमीन, तसा या उताऱ्यावर आपला कर. बँकेचा दाखला आणि हा उतारा ताडून पाहावा. बँकेने पॅन चुकीचा लिहिला असेल, तर कर आपल्या नावावर दिसत नाही. आधी बँकेकडून ती दुरुस्ती करून घ्यावी.

पैसे कसे मागावे?

परतावा मागण्याचा अर्ज म्हणजे आयकराचे विवरणपत्र. ते संगणकावर भरतात. पॅन, आधार, बँकेचा दाखला आणि पासबुक जवळ ठेवावे. पॅन आधारला जोडलेले असावे. बँक खाते आपल्याच नावाचे असावे आणि संकेतस्थळावर त्याची खात्री करून घ्यावी. परतावा थेट खात्यात येतो. शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांहून जास्त असेल, तर सर्वांत सोपा नमुना चालत नाही. भरून देणाऱ्याला तसे आधीच सांगावे.

पगारदार आणि व्याजावर जगणारे यांची मुदत साधारणपणे ३१ जुलै असते. ती चुकली, तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे विवरण देता येते. उत्पन्न करमाफीच्या मर्यादेत असेल, तर उशिराचे शुल्क पडत नाही. तीही तारीख गेली, तर उशीर माफ व्हावा म्हणून वेगळा अर्ज करावा लागतो. काम लांबते.

विवरण भरले की ३० दिवसांच्या आत त्याची पडताळणी करावी. आधारला जोडलेल्या फोनवर आकडा येतो, तो घालून ती होते. पडताळणी राहिली, तर विवरण दिले नाही असेच धरतात.

वेळेवर विवरण दिले, तर सरकार १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याजही देते. काकूंना सप्टेंबरअखेर पैसे मिळाले, तर सहा महिन्यांचे १८९ रुपये वर मिळतील.

सावध राहा

"तुमचा परतावा मंजूर झाला, येथे दाबा," असे निरोप फोनवर येतात. त्यांत पुष्कळ खोटे असतात. दाबू नये. फोनवर आलेला आकडा, बँकेचा गुप्त क्रमांक कोणालाही सांगू नये. परतावा मिळण्यासाठी एटीएमचा क्रमांक लागत नाही.

कोणी म्हणेल, "मी जास्त पैसे काढून देतो, निम्मे मला द्या." त्याचे ऐकू नये. तो खोटे खर्च दाखवतो. सही आपली असते. पुढे चौकशी झाली, की पैसे परत भरावे लागतात आणि चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. तो माणूस तेव्हा सापडत नाही.

पुढच्या वर्षी काय करावे?

ज्यांचा कर शून्य आहे, त्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत तसे लिहून द्यावे. म्हणजे कपातच होत नाही. २०२५-२६ पर्यंत साठीच्या आतल्यांसाठी १५ जी आणि साठी पूर्ण झालेल्यांसाठी १५ एच हे नमुने होते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा आहे. म्हणून नमुन्याचा क्रमांक बँकेत विचारून घ्यावा. लिहून दिलेले खरे असावे, आणि दरवर्षी नव्याने द्यावे.

आपण अक्षर शिकलो, अंक शिकलो. त्यांचा उपयोग आपल्याच घरच्या हिशेबाला होऊ द्या. आज पासबुक उघडा आणि ती तीन अक्षरे शोधा.

प्रश्न

१. काकूंचा कर शून्य असताना बँकेने पैसे का कापले?
२. ऊसविक्रीच्या पैशावर मिळालेले व्याज हे शेतीचे उत्पन्न आहे का?
३. एकाचे ८,००० रुपये कापले. देणे कर ५,२०० रुपये. त्याचे येणे किती?
४. बँकेने पॅन चुकीचा लिहिला, तर आधी काय करावे?