एचआर : फक्त शेवटचा राऊंड नव्हे!

प्लेसमेंटचा सीझन आला की होस्टेलवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "टेक्निकल झाला रे, आता फक्त एचआर उरलाय!" हल्ली आपल्यातले बरेच जण बी.ई.नंतर एचआरमध्ये एमबीए करायचं म्हणतात. "मॅथ्स नको, कोडिंग नको, इंग्लिश फाडफाड येतं, बास!" असं त्यांचं लॉजिक. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणजे मला तर हे क्षेत्र आंदणच मिळायला हवं! पण खरी गोष्ट वेगळी आहे.

आपल्याकडे हा व्यवसाय वाढला तो कारखान्यांतून. 1948 च्या कारखाना कायद्याने 500 किंवा अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं. (21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत हा आकडा 250 वर आला आहे.) जुन्या कायद्याखाली राज्यांनी केलेल्या नियमांत या अधिकाऱ्याला पदवी तर लागायचीच, शिवाय बहुसंख्य कामगारांची भाषा नीट यायला हवी, अशीही अट असायची. बघा, अट इंग्लिशची नाही, कामगाराच्या भाषेची! कारण ज्याचं गाऱ्हाणं समजत नाही, त्याला न्याय काय देणार?

दुसरा टप्पा आपल्या जवळचा, म्हणजे इंजिनिअरिंग कंपनीतला. 1974 साली लार्सन अँड टुब्रोने आपली अप्रेझलची पद्धत तपासायला आयआयएम अहमदाबादच्या प्रा. उदय पारीक आणि प्रा. टी. व्ही. राव यांना बोलावलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की अप्रेझल नुसतं मार्क देण्यासाठी नसावं. साहेबाने माणसाशी बोलावं, त्याला कुठलं ट्रेनिंग हवं, तो पुढे काय करू शकेल, हे एकत्र बघावं. त्यातूनच 1975 मध्ये तिथे स्वतंत्र एचआरडी विभाग उभा राहिला.

आता मुद्द्याचं. वकिलाला सनद लागते, सीएला त्यांच्या इन्स्टिट्यूटची मेंबरशिप लागते. एचआर मॅनेजरला तसं लायसन्स लागत नाही. 1980 पासून एनआयपीएम ही संस्था आहे, एसएचआरएमसारख्या परदेशी संस्थांची सर्टिफिकेट्सही आहेत, पण ती ऐच्छिक. म्हणजे दर्जा शेवटी त्या खुर्चीतल्या माणसावरच!

आमच्या एका सीनियरला ऑफर लेटर मिळालं, पण जॉइनिंगची तारीख सात महिने पुढे पुढे जात राहिली. मेलला उत्तर नाही, फोन उचलत नाहीत. इकडे एज्युकेशन लोनचा हप्ता सुरू झाला आणि त्याने दुसरीकडची नोकरीही नाकारलेली. जॉइनिंग लांबवणं एचआरच्या हातात नसेलही, पण ते वेळेवर आणि खरं सांगणं नक्कीच हातात होतं. प्रोफेशनल स्टँडर्ड म्हणतात ते हेच.

तेव्हा ज्यांना या वाटेने जायचंय त्यांनी इनप्लांट ट्रेनिंगला फक्त मशीन बघून परत येऊ नये. पगारपत्रक, पीएफ, कॅन्टीन, तक्रारीची नोंद, सगळं विचारून घ्यावं. कामगार कायदे वाचावेत. आणि प्लेसमेंट सेलचे कोऑर्डिनेटर असाल तर कुणाचे मार्क, कुणाचं रिजेक्शन बाहेर फोडू नये. करिअर तिथूनच सुरू होतं, कारण एकदा विश्वास गेला की पुढची कुठलीही डिग्री तो परत आणून देत नाही.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल