माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याची सुरक्षित रीत

नागरिकाने संकेतस्थळावर आपले नाव लिहून दाखल्याची मागणी केली, की ते नाव एका आज्ञावलीमार्फत माहितीसाठ्याकडे जाते. अशा आज्ञावली लिहिण्यासाठी पीएचपी ही भाषा वापरली जाते. ती १९९५ साली प्रथम प्रसिद्ध झाली. पोस्टग्रेस ही माहितीसाठा सांभाळणारी एक प्रणाली आहे. या दोहोंमधील व्यवहारावर नागरिकाच्या नोंदीची सुरक्षितता अवलंबून असते.

नागरिकाने लिहिलेले नाव प्रश्नाच्या वाक्यातच जोडणे धोक्याचे आहे. गोव्यातील डिसोझा हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना ‘डी’ या अक्षरानंतर बहुधा एकेरी अवतरणचिन्ह येते. माहितीसाठ्याच्या भाषेत हेच चिन्ह मजकुराचा शेवट दर्शविते. परिणामी वाक्य मध्येच तुटते व निर्दोष नागरिकाचा अर्ज अडतो. याच फटीतून दुष्ट हेतूचा मनुष्य स्वतःची आज्ञा घुसवून नोंदी वाचू, बदलू वा पुसू शकतो.

यावर उपाय म्हणजे छापील अर्जाची रीत. अर्जाचा मजकूर ठरलेला असतो. नाव केवळ मोकळ्या जागेत भरले जाते. त्याचप्रमाणे प्रश्नात नावाच्या जागी डॉलरचे चिन्ह व अनुक्रमांक लिहावा आणि प्रत्यक्ष मूल्ये वेगळ्या यादीने द्यावीत. मग कोणतेही मूल्य आज्ञा म्हणून वाचले जात नाही. मात्र ही सोय मूल्यांपुरतीच आहे. तक्त्याचे वा स्तंभाचे नाव अशा रीतीने देता येत नाही. तसेच एका वेळी एकच आज्ञा पाठविता येते.

पीएचपीच्या २००५ सालच्या ५.१ आवृत्तीत ‘पीजी सेंड क्वेरी पॅराम्स’ हे साधन उपलब्ध झाले. ते प्रश्न व मूल्ये पाठविते, परंतु उत्तरासाठी खोळंबून राहत नाही. मधल्या वेळात आज्ञावली पानाचा इतर भाग तयार करू शकते. पुढे ‘पीजी गेट रिझल्ट’ या साधनाने उत्तर घ्यावयाचे असते. उत्तरे संपल्याची खूण मिळेपर्यंत ते पुनःपुन्हा वापरावे. तत्पूर्वी त्याच जोडणीवरून नवा प्रश्न पाठवू नये.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. पहिल्या साधनाने ‘सत्य’ असे कळविले, तर प्रश्न रवाना झाला एवढेच सिद्ध होते. आवक खिडकीवरील पोच म्हणजे मंजुरी नव्हे. प्रश्नात चूक असल्यास ती उत्तर तपासल्यावरच उघड होते. म्हणून उत्तर न तपासता नागरिकास ‘नोंद झाली’ असे कळविणे कदापि योग्य नाही.