कधी शून्य, कधी सोळा : सेकंदाचा हजारावा भाग मोजताना

प्रश्न : मी उदगीरला बीसीएच्या दुसऱ्या वर्षात शिकते. दोनशे आकडे चढत्या क्रमाने लावणारा पायथॉन प्रोग्रॅम लिहिला. टाइम.टाइम वापरून वेळ मोजला, तर कधी शून्य येतो, कधी सोळा मिलिसेकंद. माझं काय चुकतंय?

उत्तर : प्रोग्रॅम ठीक आहे, घड्याळ बदला. विंडोजवर पायथॉन ३.१३ च्या आधीच्या आवृत्त्यांत हे घड्याळ साधारण १५.६ मिलिसेकंदांच्या उड्या मारतं. तुमचं काम दोन उड्यांच्या मधेच संपलं तर शून्य दिसतं, कामादरम्यान उडी पडली तर सोळा. शिवाय इंटरनेटवरून वेळ जुळवली गेली, की ते मागेही सरकू शकतं. त्याऐवजी परफ_काउंटर वापरा. ते फक्त पुढेच जातं आणि कितीतरी बारीक मोजतं.

तरीही एकाच मोजणीवर विसंबू नका. आडतीच्या काट्यावर तुरीचा एक दाणा कोणी तोलत नाही. काम हजार वेळा करा, एकूण वेळाला हजाराने भागा. नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीवरही पल्सार ताऱ्यांचे हजारो स्पंद एकावर एक रचूनच त्यांची वेळ ठरवतात, कारण एकेकटा स्पंद फार क्षीण असतो.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. दर फेरीला यादीची ताजी प्रत द्या, नाहीतर दुसऱ्या फेरीपासून आधीच लावलेली यादी पुन्हा लावली जाईल आणि वेळ भलताच कमी दिसेल. हा सगळा प्रयोग पाच-सात वेळा करून सर्वांत कमी आकडा घ्या. मागे चालणारी इतर कामं वेळ वाढवतात, कमी करत नाहीत. मोजताना लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या, बॅटरीवर प्रोसेसर अनेकदा मंद चालतो.