ओमनीचे ब्रेक पॅड घेताना

बाळा, ओमनी आता तुझ्या ताब्यात आली, तेव्हा ब्रेकचं नीट ऐकून ठेव. ही गाडी 2019 मध्ये बनायची बंद झाली. पॅड आपल्या भिलाईत आजही मिळतात, पण नुसतं ‘ओमनीचे द्या’ म्हणून डबा उचलायचा नाही. आधी पुढचं चाक काढ, जुना पॅड सोबत घे आणि मगच दुकानात जा. मागची पोलादी पट्टी, तिचे कान, खाचा, सगळं नव्याशी जुळवून पाहा. इतक्या वर्षांत कुणी कॅलिपर बदललेलं असलं, तर डब्यावरच्या नावाला काही अर्थ नाही.

चाक निघालंच आहे तर डिस्कवरून नख फिरव. कडेला उंच धार लागली, खोल चरे जाणवले, तर नुसते पॅड टाकून भागत नाही. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. तिच्याखाली गेली असेल तर डिस्कही बदल. पॅडचा निर्णय डिस्क पाहिल्यावरच घ्यायचा, हे माझं ठाम मत आहे.

मेकॅनिक म्हणेल, मेटॅलिक टाका, जास्त चालतात. चालतात खरे, पण डिस्क खातात आणि थंड असताना हवी तशी पकड देत नाहीत. सेक्टरातल्या चौकाचौकांत थांबणाऱ्या हलक्या गाडीला साधे ऑरगॅनिक पॅड उत्तम. मात्र नावाजलेल्या कंपनीचेच घे, आणि पक्कं बिल माग.

चांगल्या पॅडच्या कडेवर ‘एफएफ’सारखी दोन अक्षरं छापलेली असतात. पहिलं साध्या तापमानातल्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या पकडीचं. ईपेक्षा एफ सरस, एफपेक्षा जी. ‘एफई’ दिसलं तर समज, तापल्यावर पकड उतरणार. सगळं घर बसवून जीई रोडने नागपूरला निघालास की हे दुसरं अक्षरच कामी येतं.

पॅड तीन मिलिमीटर उरले की वाट पाहू नकोस. दोन्ही चाकांचे एकदमच बदल, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. जुनी भुकटी हवा मारून उडवू देऊ नकोस, जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. कॅलिपरच्या पिनांना ब्रेकचंच ग्रीस लाव. पिना अडकल्या तर नवा पॅडही एकीकडूनच झिजतो.

बसवून झालं की गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर गावातच चालव, जोरात ब्रेक मारू नकोस. नागपूरचा बेत त्यानंतरच आख.