रक्ताचा परतीचा प्रवास

इतिहासाच्या तासाला युरोपातील प्रबोधनकाळ शिकवताना सरांनी विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याचे नाव घेतले आणि ते पुढे गेले. मी मात्र तेथेच अडकलो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने रक्ताभिसरणावर लिहावे हा काहींना आगाऊपणा वाटेल, पण माझे कारण घरातले आहे.

हार्वेपूर्वी शतकानुशतके गेलनचे मत प्रमाण होते. रक्त यकृतात तयार होते आणि शरीर ते वापरून संपवते, असे ते मत. हार्वेने साधा हिशेब मांडला. एका ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर टाकते? अर्ध्या तासात ठोके किती? आकडे मुद्दाम कमी धरले तरी गुणाकार एवढा येई, की तितके रक्त अन्नातून तयार होणे शक्यच नव्हते. आजच्या मापाने पाहा. ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला सुमारे ७२ ठोके, म्हणजे मिनिटाला पाच लिटर. तासाला तीनशे लिटर! पंधरा लिटरची घागर धरली तर वीस घागरी. आणि अंगात रक्त असते सुमारे पाच लिटर. म्हणजे तेच रक्त फिरून येत असले पाहिजे. १६२८ साली त्याने हे ग्रंथरूपाने मांडले. गणिताला भिऊन मी कला शाखेला आलो, तर येथेही गणितच भेटले!

हृदयाच्या डाव्या बाजूकडून रोहिण्यांतून रक्त अंगभर जाते, नीलांतून उजव्या बाजूला परतते, फुफ्फुसांतून शुद्ध होऊन पुन्हा डावीकडे येते. रोहिणी व नीला यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या हार्वेला दिसल्या नाहीत. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ साली, माल्पिघीने त्या सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या.

मला नवल वाटले ते परतीच्या वाटेचे. केशवाहिन्यांतून बाहेर पडेपर्यंत हृदयाचा रेटा बहुतेक संपलेला असतो, आणि पायांतले रक्त तर वर चढायचे असते. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात व नीलांना दाबून रक्त वर ढकलतात. नीलांतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. माणूस तासन्‌तास एका जागी उभा राहिला की पोटरीचे काम थांबते, रक्त साचते, नीला ताणतात आणि झडपा नीट मिटेनाशा होतात. वय आणि आनुवंशिकता हीही कारणे असतात.

माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर आहेत. बारा तासांची पाळी, बहुतेक उभ्यानेच. त्यांच्या पोटऱ्यांवर निळ्या गाठी आहेत. आजी त्याला वात म्हणते.

एका रविवारी मी हार्वेचा प्रयोग त्यांच्याच हातावर केला. दंडाला रुमाल बांधला. शिरा फुगल्या, मध्ये गाठी दिसू लागल्या. त्याच झडपा. शीर एका बोटाने दाबून धरली आणि दुसऱ्या बोटाने रक्त वरच्या गाठीपलीकडे सारले. मधला भाग रिकामा राहिला. वरून थेंबही उतरला नाही. खालचे बोट उचलताच शीर भरली.

अण्णांनी स्वतः दोनदा करून पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या पायातल्या झडपा गेल्या म्हण की."

मी मान हलवली. निजताना पाय उंच ठेवा, मागापाशी उभे असताना मधूनमधून टाचा उचला, एवढे सांगितले. दिवाळीच्या सुट्टीत डॉक्टरांकडे जायचे म्हटले, तर ते "बघू" म्हणाले. उशी मात्र त्या रात्रीपासून पायाखाली असते.